कमला भागवतांची एका वर्षाची अट

पावट्याची उसळ आपण सगळ्याच करतो. भिजवायचा, मोड आणायचे, सोलायचा आणि नीट शिजवायचा. कच्चा पावटा बाधतो हे सासूबाईंनी सांगितलं, पण का, ते नाही सांगितलं. त्यात प्रथिनं पचू न देणारा एक पदार्थ असतो आणि चांगला शिजवला की त्याचा जोर बराच जातो. मुंबईच्या विज्ञान संस्थेत तो पदार्थ शुद्ध रूपात वेगळा काढला कमलाबाई सोहोनी आणि त्यांच्या सहकाऱ्यानं, १९५५च्या सुमाराला.

या माहेरच्या भागवत, लेखिका दुर्गाबाई भागवतांच्या धाकट्या बहीण. १९३३ साली मुंबई विद्यापीठाची बीएस्सी पहिल्या नंबरानं पास झाल्या आणि बंगळूरच्या टाटा इन्स्टिट्यूटमध्ये संशोधनासाठी अर्ज केला. वडील आणि काका तिथंच शिकलेले. तरी अर्ज नाकारला गेला, कारण मुलगी! संचालक होते सर सी. व्ही. रामन, नोबेल मिळालेले. एवढ्या विद्वान माणसालाही तेवढं दिसेना.

कमलाबाई गप्प बसल्या नाहीत, बंगळूर गाठून त्यांनी जाब विचारला. शेवटी प्रवेश मिळाला, पण अटींवर. पहिलं वर्ष कच्चा प्रवेश, काम पसंत पडलं तर पक्का. मार्गदर्शक सांगतील तेव्हा रात्रीसुद्धा काम करायचं. आणि पुरुष विद्यार्थ्यांचं लक्ष विचलित होता कामा नये! म्हणजे लक्ष त्यांचं उडणार आणि जबाबदारी हिची. अपमान गिळून त्या कामाला लागल्या. श्रीनिवासय्या हे चांगले गुरू लाभले, दूध आणि डाळींमधल्या प्रथिनांवर काम झालं. वर्षानं प्रवेश पक्का झाला, आणि पुढं इतर मुलींनाही तिथं वाट मिळाली.

मग केंब्रिज. तिथं बटाट्यावर काम करताना त्यांनी दाखवलं, की प्राण्यांच्या पेशीत श्वसनासाठी लागणारं 'सायटोक्रोम सी' वनस्पतींतही असतं. १९३९ साली पीएचडी मिळाली, प्रबंध जेमतेम ४० पानांचा. परत आल्यावर नीरेवर काम केलं, आदिवासी मुलांच्या आणि गरोदर बायांच्या पोषणासाठी.

हे आज सांगायचं कारण, आमच्या घोरावाडीकडं आता वेगळा प्रश्न येतो. पोरगी एमएस्सी झाली, पीएचडी म्हणते, अजून किती वर्षं पोसायची? तर बायांनो, पोसावी लागत नाही. सीएसआयआर-यूजीसी नेट परीक्षेत जेआरएफ मिळाली आणि एखाद्या संस्थेत मार्गदर्शकाकडं जागा मिळाली, की २०२३पासून पहिली २ वर्षं महिना ३७,००० रुपये, पुढं ४२,००० रुपये. जागा लांब शोधायला नको. घोरावाडीहून लोकलनं शिवाजीनगर, तिथून पाषाणला आयसर आणि राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा. आगरकर संशोधन संस्थाही पुण्यातच. जेआरएफला वयाची अट असते, पण महिलांना ५ वर्षांपर्यंत सवलत आहे. लग्न झालं, एक बाळंतपण झालं, तरी फॉर्म भरता येतो.