ओट्याचा दगड कुठल्या कुळाचा?

भोसरीतल्या छोट्या मशीन शॉपपासून चाकणच्या मोटार कारखान्यांपर्यंत, क्वालिटीच्या खोलीत काळा, जाडजूड, आरशासारखा सपाट दगड सहज दिसतो. त्याला सरफेस प्लेट म्हणतात. हाइट गेज त्याच्यावर ठेवून जॉबची उंची मोजतात. मिलिमीटरचे हजारावे भाग मोजणाऱ्या सीएमएम यंत्राचे टेबलही बहुधा याच दगडाचे असते. काम संपले की तो पुसायचा, झाकायचा, आणि त्याच्यावर हातोडी कधीच ठेवायची नाही, हे नव्या पोरालाही पहिल्याच आठवड्यात शिकवतात. पाळी संपवून तोच पोरगा चिखली-मोशीच्या घरी येतो, तेव्हा स्वयंपाकघरात त्याच जातीच्या दगडावर नारळ फुटत असतो. ग्रॅनाइटला कारखान्यात जो मान आहे, तो घरातही मिळायला हवा. त्यासाठी आधी त्याचे कूळ माहीत हवे.

पिंपरी-चिंचवडच्या पायाखालचा दगड ग्रॅनाइट नव्हे. तो बेसाल्ट, आपला काळा पाषाण. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी लाव्हाचे थर एकावर एक पसरले आणि त्यांतून दख्खनचे पठार घडले. कार्ला-भाजे लेणी याच दगडात कोरली गेली आणि घरातली जाती, पाटे, उखळेही यातूनच घडली. मात्र लाव्हा झपाट्याने थंडावल्यामुळे त्यात भेगा आणि वायूच्या पोकळ्या राहिल्या. त्यातून सलग, मोठी, निर्दोष लादी निघणे अवघड. म्हणून आजही आपल्या खाणींतला दगड मुख्यतः खडी होऊन काँक्रीटमध्ये जातो. आपला ग्रॅनाइट याच थरांच्या खाली दडलेला आहे. १९९३च्या भूकंपानंतर किल्लारीला खोल छिद्र घेतले, तेव्हा बेसाल्ट ३३८ मीटरांवर संपला आणि खाली ग्रॅनाइटी खडक लागला. कोयना परिसरात तोच खडक जवळजवळ एक किलोमीटर खाली सापडला. नांदेडच्या देगलूर-बिलोली भागात मात्र तो उघड्यावर आहे.

जुन्या घरात दगडाची निगा म्हणजे त्याला टाकी लावणे. पाटा गुळगुळीत झाला की वाटण नीट होत नाही, म्हणून टाकीवाली दारावर आली की तो पुन्हा खडबडीत करून घ्यायचा. गुळगुळीत दगडाची गरजच नव्हती, कारण चूल जमिनीवर होती आणि स्वयंपाक बसून होत होता.

ही बैठक बदलण्यात गॅसचा हात मोठा. १९६५ साली इंडेनची विक्री सुरू झाली आणि पुढच्या दोन-तीन दशकांत सिलिंडर शहरी मध्यमवर्गाच्या घरी पोचला. शेगडी सिलिंडरपेक्षा उंचावर हवी, हा गॅसच्या सुरक्षिततेचा नियम आहे. त्यामुळे शेगडीखाली ओटा आला आणि बाई उभी राहून स्वयंपाक करू लागली. याच काळात इथले गावठाण औद्योगिक नगर होत होते. हिंदुस्थान अँटिबायोटिक्स पिंपरीला १९५४ साली आली, एमआयडीसी १९६२ साली स्थापन झाली आणि १९७२ साली नवनगर विकास प्राधिकरण आले. कामगारांसाठी इमारती उभ्या राहिल्या, आणि त्यांतल्या ओट्यांसाठी सपाट, धुता येणारा, परवडणारा दगड हवा होता.

तो आधी कडप्पा म्हणून आला. शहाबादी आणि कडप्पा हे दोन्ही प्राचीन समुद्रतळाशी साचलेल्या गाळाचे चुनखडक. गाळ थराथराने बसलेला असल्याने छिन्नीने पापुद्रे सुटावेत तशा लाद्या सुटतात, करवतीची गरज पडत नाही. शिवाय १८७१ साली रायचूरला जोडला गेलेला मुंबई-मद्रास लोहमार्ग शहाबाद आणि कडप्पा या दोन्ही गावांवरून जातो आणि पुण्यावरूनही. थर सुटणारा दगड आणि त्याला मिळालेली रेल्वे, यांमुळे महाराष्ट्राच्या घरांत चुनखडकाचे राज्य झाले. आजही ओट्याखालचे उभे टेकू आणि फळ्या कडप्प्याच्याच असतात.

पण चुनखडक आम्लापुढे टिकत नाही. लिंबाचा रस, चिंचेचे पाणी, ताक सांडले की कडप्प्याची चकाकी उडते आणि फिकट डाग उमटतो. तो मळाचा डाग नसतो, दगडच तेवढा झिजलेला असतो, म्हणून घासून जात नाही. आपल्या स्वयंपाकात आंबट रोजचेच, तेव्हा दुसरा दगड लागणारच होता.

ग्रॅनाइट हा अग्नीपासून जन्मलेला, पण बेसाल्टसारखा घाईने नव्हे. तो जमिनीखाली खोलवर लाखो वर्षे सावकाश थंडावला, म्हणून त्याचे स्फटिक मोठे आणि एकमेकांत घट्ट गुंतलेले. त्यातले फेल्डस्पार आणि क्वार्ट्झ मोहच्या कठीणपणाच्या मापावर ६ आणि ७ ठरतात, चुनखडकातले कॅल्साइट फक्त ३. दक्षिणेतले काही ग्रॅनाइट २५० कोटी वर्षांचे आहेत. हंपीच्या शिळांवर आजही ओळीने पाडलेली भोके दिसतात. त्यांत लाकडी पाचरी ठोकायच्या, पाणी घालून फुगवायच्या आणि शिळा फोडायची, ही जुनी रीत होती. दोन सेंटिमीटरची पातळ लादी तिच्याने निघत नसे. १९५४ साली अमेरिकेत कृत्रिम हिरा तयार झाला आणि पुढे हिऱ्याची पाती आणि पॉलिशची यंत्रे आली. तेव्हा देवळाचा आणि राजवाड्याचा दगड चौरस फुटाच्या भावाने सामान्य घरात येऊ शकला.

दुकानात ग्रॅनाइट म्हणून मिळणारे सगळेच भूशास्त्राच्या हिशेबाने ग्रॅनाइट नसतात. एकरंगी काळे बहुधा डोलेराइट किंवा गॅब्रो, म्हणजे बेसाल्टचेच खोलवर मुरलेले भाऊबंद. सोनेरी ठिपक्यांचा ब्लॅक गॅलेक्सी आंध्रातल्या प्रकाशम जिल्ह्यातल्या चिमकुर्तीचा. साडीमुळे आपल्याला ओळखीच्या असलेल्या इलकलचा दगड गुलाबी-तांबूस. सरफेस प्लेटसाठीही बारीक कणांचा काळा दगडच जास्त पसंत करतात.

ग्रॅनाइट कारखान्यात गेला युद्धामुळे. त्याआधी सरफेस प्लेट बिडाच्या असत. दुसऱ्या महायुद्धात धातूचा तुटवडा पडला, तेव्हा अमेरिकेत ओहायोमधल्या डेटन शहरी स्मारकशिळांचे दुकान चालवणाऱ्या वॉलेस हर्मन यांनी ग्रॅनाइट वापरून पाहिला. तो धातूपेक्षा सरस ठरला. गंजत नाही, चुंबकत्व घेत नाही, तापमानाने फारसा हलत नाही. आणि घाव बसला तर बिडासारखी कड वर उचलली जात नाही, टवका उडतो आणि बाकीचा पृष्ठभाग सपाटच राहतो. हाच गुण घरात दोष होतो. दगड वाकत नाही, तो तुटतो. म्हणून सिंकच्या कडेची अरुंद पट्टी ही ओट्याची सर्वांत नाजूक जागा. तिथे नारळ फोडू नये, आणि तापलेला तवा ठेवून लगेच गार पाणी ओतू नये.

दगड निवडताना नावाला भुलू नका, परीक्षा घ्या. दुकानात छोटा तुकडा मागा. त्यावर लिंबाचे दोन थेंब टाकून दहा-पंधरा मिनिटांनी पुसा. चकाकी उडाली तर तो चुनखडकाच्या कुळातला. मग पाण्याचे थेंब टाका. काही मिनिटांत दगड तिथे काळवंडला तर तो पाणी पितो, म्हणजे तेल आणि हळदही पिणार. गडद काळा असेल तर पांढऱ्या फडक्यावर नेलपॉलिश रिमूव्हर घेऊन घासा. फडके काळे झाले तर रंग दगडाचा नव्हे, वरून चढवलेला आहे. आपल्या तेल-हळदीच्या स्वयंपाकाला बारीक कणांचा गडद दगड सर्वांत सोयीचा. फिकट रंगच हवा असेल तर बसवतानाच सीलर लावून घ्या आणि पाणी मुरू लागले की तो पुन्हा लावा. लादी अठरा-वीस मिलिमीटर जाड असावी आणि सिंकच्या दोन्ही बाजूंना खालून टेकू असावा.

निगा सोपी आहे. भांड्यांच्या साबणाचे कोमट पाणी, मऊ फडके, आणि शेवटी कोरडे पुसणे. टँकरचे किंवा बोअरचे पाणी वापरणाऱ्या सोसायट्यांत नळाभोवती पांढरा थर बसतो. तो पाण्यातून आलेल्या क्षाराचा असतो, दगडाचा नव्हे. रोज पुसले तर तो बसतच नाही. संडास साफ करायचे ॲसिड मात्र ओट्याला कधीही लावू नका. त्याने ग्रॅनाइटची चकाकी मंदावते, सांध्यातले सिमेंट खाल्ले जाते आणि खालचा कडप्पा तर झिजूच लागतो. तेलाचा जुना डाग असेल तर खाण्याच्या सोड्याचा ओला लेप लावून रात्रभर झाकून ठेवा, तो बऱ्याच अंशी ओढून घेतो.

ग्रॅनाइट आपल्या हयातीत पुन्हा तयार होत नाही. आपल्या ओट्यांसाठी दक्षिणेतल्या टेकड्या कापल्या जातात आणि खाणीत माणसे धूळ गिळत राबतात. म्हणून फ्लॅट हाती आला की बिल्डरने दिलेला धडधाकट ओटा केवळ रंग आवडला नाही म्हणून फोडू नका. आणि नवा घ्यायचाच असेल, तर पारखून एकदाच घ्या.