‘कीन’ : एका शोकशब्दाचा इतिहास

इंग्रजीत दुःखाच्या ध्वनीला नावे पुष्कळ आहेत. त्यांपैकी ‘ग्रोन’ आणि ‘मोन’ हे कण्हण्याचे शब्द त्या भाषेच्या जुन्या जर्मानिक घराण्यातले. ‘कीन’ मात्र शेजारच्या घरातून आलेला. तीक्ष्ण, उत्सुक या अर्थाचा ‘कीन’ निराळा. प्राचीन इंग्रजीत त्याचा अर्थ ‘धाडसी’ असा होता. काळीज चिरणारा स्वर म्हणून शोकालाही तेच नाव मिळाले असावे, असा ग्रह होणे स्वाभाविक आहे. पण तो खरा नव्हे. शोकवाचक ‘कीन’ आयरिश भाषेतील ‘कीना’ या शब्दाशी निगडित असून एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभी तो इंग्रजी लेखनात रूढ होऊ लागला.

शब्द आला, पण त्याचा अर्थ पुरता आला काय? आयर्लंडमध्ये कीना म्हणजे नुसते रडणे नव्हते. प्रेतापाशी स्त्रिया मृताला नावाने साद घालीत, त्याचे कुल व गुण पद्यात वर्णीत, आणि जमलेल्यांचा आक्रोश त्यात मिसळे. या कलेत निष्णात असलेल्या स्त्रियांना मोबदला देऊन बोलावण्याची चाल होती. चर्चने तिचा वारंवार निषेध केला.

या प्रकारातील सर्वांत विख्यात रचना आयलीन डुव्ह नी खोनिल हिची. तिचा पती आर्ट ओ लिअरी हा ऑस्ट्रियाच्या सैन्यातून परतलेला अधिकारी. कॅथलिकाने पाच पौंडांहून अधिक मोलाचा घोडा बाळगू नये, असा तेव्हा कायदा होता. आपला घोडा त्या किमतीस देण्याचे त्याने नाकारले, असे परंपरा सांगते; १७७३ साली तो गोळीस बळी पडला. आयलीनच्या शोकगीतात प्रीतीचे स्मरण आहे, वैऱ्याला शाप आहे, नणंदेच्या आरोपाला उत्तरही आहे. हे गीत लोकांच्या मुखी राहिले आणि मागाहून लिहून घेतले गेले.

इंग्रजीत मात्र या शब्दाची वाणी गळून पडली. तो बहुधा उंच, लांबलेल्या रुदनस्वराचे नाव झाला. जॉन सिंगच्या ‘रायडर्स टू द सी’ (१९०४) या नाटकात वृद्ध स्त्रिया कीन करतात. पण तो रंगसूचनेपुरता, त्याचे पद्य संहितेत नाही.

अनुवादकाने येथे सावध राहावयास हवे. ‘आक्रोश’ या प्रतिशब्दात ध्वनी आहे, बोल नाहीत. ‘विलाप’ अधिक जवळचा. त्याच्या मुळाशी ‘लप्’, म्हणजे बोलणे, हा धातू आहे. ‘रघुवंशा’तील अजविलाप किंवा ‘कुमारसंभवा’तील रतिविलाप यांत शोक बोलूनच प्रकटतो. तथापि ते बोल कवीने पात्राच्या मुखी घातलेले आहेत. कीना ही शोक करणाऱ्या स्त्रीची स्वतःची रचना होय. हा भेद प्रस्तावनेत तरी नोंदवला पाहिजे. आयलीनचे गीत केवळ रुदन म्हणून भाषांतरिले, तर तिचे अश्रू वाचकापर्यंत पोचतील. तिने ठेवलेला आरोप मात्र पोचणार नाही.