नदीतली नळी

सेसना १७२ या चार आसनी विमानाच्या डाव्या पंखाखाली बोटभर जाडीची एक नळी लटकते. पंखातून खाली उतरते आणि काटकोनात पुढे वळते. विमान उभं असताना तिला कापडी टोपडं घालतात, टोपड्याला लाल फीत. उड्डाणाआधी शिकाऊ वैमानिक विमानाभोवती प्रदक्षिणा घालतो, टोपडं काढतो, वाकून भोकात पाहतो. फुंकर मारायची नाही, ही ताकीद पहिल्याच दिवशी मिळते. नळीच्या पलीकडच्या टोकाला जे नाजूक यंत्र बसलंय ते एका फुंकरीनं बिघडू शकतं. बारामतीची उड्डाणशाळा असो की धुळ्याची, आपली पोरं हिला ‘पिटो’ म्हणतात. स्पेलिंगवर विसंबलेला एखादा ‘पिटॉट’ म्हणतो.

पिटो हे आडनाव आहे. आँरी पितो, दक्षिण फ्रान्समधल्या आरामों गावचा, जन्म १६९५. वारला १७७१ साली. माणूस फुग्यात बसून पहिल्यांदा हवेत गेला तो १७८३ साली, म्हणजे ज्याच्या नावाची नळी घेऊन आज विमानं उडतात त्यानं माणूस उडताना पाहिलाच नाही. त्याला उडण्याशी काही देणंघेणंही नव्हतं. त्याला नदी मोजायची होती.

लहानपणी हा गडी अभ्यासाच्या वाऱ्याला उभा राहत नसे. सैन्यात गेला. ग्रनोबलच्या एका पुस्तकांच्या दुकानात भूमितीचं पुस्तक हाती लागलं आणि त्यानं त्याला असं धरलं की पुढे तो पॅरिसला रेओम्यूरसारख्या शास्त्रज्ञाच्या हाताखाली जाऊन बसला, १७२४ मध्ये तिथल्या विज्ञान अकादमीत शिरला. मग सेन नदीचा प्रवाह मोजण्याचं काम निघालं.

त्या काळी प्रवाहाचा वेग मोजायचा म्हणजे पाण्यावर काहीतरी तरंगतं सोडायचं आणि काठानं चालत वेळ धरायची. वरच्या पाण्याचं त्यात भागत असे. खालच्या पाण्याचं काय? इटलीतल्या काही जाणत्यांचं म्हणणं होतं की खोल जावं तसा वेग वाढत जातो, कारण वरच्या पाण्याचा भार खालच्याला रेटतो. ऐकायला पटण्यासारखं होतं. खोटं पाडायला साधन नव्हतं, एवढंच.

वाहत्या नदीत पाय रोवून उभं राहिलेल्याला ठाऊक असतं की प्रवाहाकडच्या अंगानं पाणी नडगीवर थोडं वर चढतं. पितोनं तेच नळीत पकडलं. शेजारी शेजारी दोन नळ्या: एक सरळसोट, दुसरीचं खालचं तोंड काटकोनात वळवून प्रवाहाच्या सामोरं केलेलं. सरळ नळीत पाणी नदीच्या पातळीएवढं राहतं. वाकड्या नळीत येणारं पाणी थबकतं, त्याला पुढे वाट नसते, म्हणून ते वर चढतं. दोन्ही पातळ्यांतला फरक मोजला की वेग कळला. पाच सेंटीमीटर चढ असेल तर पाणी सेकंदाला सुमारे एक मीटर धावतंय. वीस सेंटीमीटर असेल तर दोन मीटर. वेग दुप्पट झाला की चढ चौपट होतो. नळी हवी तेवढी खाली बुडवा, तिथला वेग वाचा. पितोनं बुडवली, आणि तळाकडे वेग वाढत नाही, उलट कमी होतो, हे पाहिलं. जाणत्यांचं मत गेलं.

१२ नोव्हेंबर १७३२ रोजी त्यानं हे अकादमीपुढे मांडलं. दाब आणि वेग यांचं नातं ज्याच्या नावानं आपण शाळेत शिकतो, त्या बर्नूलीचं पुस्तक यायला अजून सहा वर्षं होती. मला या साऱ्यात त्याचा आळशीपणाच आवडतो: फिरणारं चाक नाही, दाते नाहीत, झिजेल असं काही नाही. वाकवलेली नळी, बस्स. पुढचं आयुष्यही पितोनं पाण्यातच घालवलं. माँपेलिये शहराला पाणी आणणारा जलसेतू त्याच्या हातचा.

मूळ नळीत एक खोट होती: वाहत्या नदीत पाणी नळीतही हिंदकळत राही आणि आकडा वाचता वाचता डोळे शिणत. सव्वाशे वर्षांनी दीजोंच्या आँरी दार्सीनं तोंड बारीक केलं, पातळी बंद करून धरता येईल अशी तोटी बसवली. नंतर जर्मनीत लुडविग प्रांटलनं दोन्ही नळ्या एकीत एक घालून एकजीव केल्या. एवढं झालं आणि ती वाऱ्यासाठी सिद्ध झाली.

पहिल्या वैमानिकांना मात्र तिची निकड नव्हती. राइट बंधूंच्या १९०३ च्या विमानावर फ्रेंच बनावटीचं छोटं पंख्याचं वातमापक होतं. बाकीच्यांची भिस्त गालावर लागणाऱ्या वाऱ्यावर आणि पंखांच्या तारांच्या आवाजावर. तारांचा सूर उतरला की नाक खाली करायचं. वैमानिकाच्या डोक्यावर छप्पर आलं तेव्हा हे संपलं. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन ज्या विमानानं जुहूला उतरले ते ‘पस मॉथ’ बंद केबिनचं होतं. पितोच्या अकादमीतल्या त्या दिवसाला दोनशे वर्षं भरायला तेव्हा महिनाही उरला नव्हता.

विमानात पाण्याच्या जागी हवा असते आणि चढणाऱ्या पातळीच्या जागी धातूची पातळ, फुगणारी डबी. डबीच्या आत समोरून आदळणारी हवा, बाहेर विमानाच्या कुशीतल्या बारीक छिद्रातून घेतलेली निवांत हवा. फरक वाढला की डबी फुगते, काटा सरकतो. तबकडीवरचे आकडे ‘नॉट’चे, म्हणजे गाठींचे, खलाशी गाठी मारलेली दोरी समुद्रात सोडून गाठी मोजत, त्यांची ही आठवण. काटा नदीकडून आला, आकडे समुद्राकडून.

आता खरी गंमत. हा वेगकाटा वेग मोजतच नाही. तो मोजतो हवेचा रेटा. दहा हजार फुटांवर हवा विरळ असते. तिथे काटा १०० दाखवत असेल तेव्हा विमान हवेतून खरं तर सुमारे ११६ नॉटनं चाललेलं असतं. हा दोष वाटेल. पण पंखाला तरी वेगाशी काय करायचंय? त्यालाही हवेचा रेटाच हवा. म्हणून जे विमान समुद्रकाठी काट्याच्या ४८ वर स्टॉल होतं, म्हणजे ज्याचे पंख तिथे उचल सोडतात, तेच, तितक्याच वजनानं, लेहच्या साडेदहा हजार फुटांवरही ४८ लाच स्टॉल होतं. नळी आणि पंख दोघंही एकाच वाऱ्याला तोंड देतात, आणि काटा चुकतो तो पंखाच्या सोयीनं.

भोक बुजलं तर मात्र काटा बेलाशक खोटं बोलतो. १ डिसेंबर १९७४ च्या संध्याकाळी न्यूयॉर्कहून एक रिकामं बोइंग ७२७ निघालं. नळी तापवणारी बटणं सुरू करायची राहिली होती. नळीत बर्फ धरला, आतला दाब आतच कोंडला. विमान चढू लागलं तसा बाहेरचा दाब उतरला, डबी फुगत गेली आणि काटा वाढता वेग दाखवू लागला. वैमानिकांनी वेग आवरायला नाक आणखी वर ओढलं. चढ वाढला, काटा आणखी वर गेला. वेगकाट्याचा उंचीकाटा झाला होता. स्टॉलचा इशारा थरथरला तो त्यांना अतिवेगाचा वाटला. विमानातले तिघंही कर्मचारी गेले. २००९ मध्ये रिओहून पॅरिसला निघालेल्या एअर फ्रान्स ४४७ च्या नळ्या बर्फाच्या कणांनी मिनिटभरही बुजल्या नव्हत्या. तरी २२८ माणसं अटलांटिकमध्ये गेली.

आणि बर्फ नसेल तिथे माशा असतात. आपल्याकडे खिडकीच्या चौकटीत, कुलपाच्या भोकात मातीचं घर लिंपणारी कुंभारीण सगळ्यांच्या ओळखीची. तिच्या जातभाईंना विमानाची नळी आयती मिळते. १९९६ मध्ये डोमिनिकन रिपब्लिकमध्ये पडलेल्या बोइंग ७५७ बाबत संशय तिच्यावरच गेला. ते विमान आधी बरेच दिवस टोपड्यांशिवाय उभं होतं. त्यात १८९ जण दगावले.

ब्रिस्बेनला अशाच माश्यांचा जाच इतका की थोडा वेळ उभ्या राहणाऱ्या विमानांनाही टोपडी घालायला सांगतात. १८ जुलै २०१८ च्या रात्री क्वालालंपूरला निघालेल्या मलेशिया एअरलाइन्सच्या एअरबस ३३० ला ती घातली होती, आणि काढायची राहिली. तीनही नळ्या टोपड्यांसकट हवेत गेल्या. वेग कळेना. उड्डाण नियंत्रकांनी विमान जमिनीवरून कोणत्या वेगानं सरकतंय ते कळवत राहायचं आणि वैमानिकांनी त्याचाही आधार घेत विमान सांभाळायचं, असं करत तासाभरानं ते सुखरूप उतरवलं. १७३२ च्या आधी सेनच्या काठानं लोक चालत होते, तरंगत्या वस्तूकडे डोळे लावून, तसंच.