रेघ आणि हत्यार

रेघ मारणे वेगळे आणि रेघ कोरणे वेगळे. मारलेली रेघ खोडता येते, पुसता येते, वरून दुसरी मारता येते. माझे उभे आयुष्य फळ्यावर रेघा मारण्यात आणि डस्टरने त्या पुसण्यात गेले, त्यामुळे पुसता येण्याचे सुख काय असते ते मला चांगले ठाऊक आहे. कोरणाऱ्याला ते सुख नाही. म्हणूनच त्याचा निम्मा जीव हातात असतो आणि निम्मा हत्यारात.

या विषयाकडे मी वळलो तो आमच्या वैभववाडीतल्या एका तरुणामुळे. माझ्या जुन्या विद्यार्थ्याचा हा मुलगा प्लॅस्टिकच्या सुट्या भागांची विमाने जोडतो. खऱ्या विमानाच्या एक बहात्तरांश आकाराची. खऱ्या विमानाच्या अंगावर पत्रे जिथे एकमेकांना भिडतात तिथे बारीक सांधे दिसतात. ते सांधे या छोट्या विमानावरही दाखवायचे असतात आणि त्यासाठी प्लॅस्टिकमध्ये केसाएवढी रेघ कोरावी लागते. त्यासाठी परदेशात खास हत्यारे मिळतात. "गुरुजी, हत्यार विकत घेव काय घराकडेच करू?" असे त्याने मला विचारले. इतिहास शिकवणाऱ्याला हा प्रश्न का विचारावा, असे क्षणभर वाटले. मग लक्षात आले, की प्रश्न इतिहासाचाच आहे आणि त्याचे उत्तर आपल्यापासून फार लांब नाही.

वैभववाडीहून तळेऱ्यावरून महामार्गाने उत्तरेला गेले की खारेपाटण लागते. विजयदुर्गच्या खाडीच्या वरच्या अंगाचे हे जुने व्यापारी गाव. इथे मिळालेल्या एका ताम्रपटाने दक्षिण कोकणच्या शिलाहारांचा इतिहास उभा राहिला. शके 930 चा, म्हणजे इसवी सन 1008 चा हा रट्टराजाचा ताम्रपट. सणफुल्लापासून रट्टराजापर्यंत दहा पिढ्यांची नावे त्यात ओळीने दिली आहेत. तो पहिल्यांदा अभ्यासून प्रसिद्ध केला तो आपल्याच जिल्ह्यातल्या पोंभुर्ल्याच्या बाळशास्त्री जांभेकरांनी. 'दर्पण'कार म्हणून आपण त्यांना ओळखतो, पण पुराभिलेखांच्या अभ्यासातही ते आपल्याकडच्या पहिल्या माणसांपैकी होते. पुढे कीलहॉर्न या जर्मन पंडिताने त्याचे पुन्हा संपादन केले.

वर्गात हे सारे सांगताना राजा, सन आणि दान यांवर भर असतो. पण हा मजकूर पत्र्यात उतरला कसा? राजाच्या कचेरीतला लेखक आधी मजकूर तयार करी, तो पत्र्यावर शाईने उतरवला जाई आणि मग कोरणारा त्या शाईवरून छिन्नी चालवी. कोरणाऱ्याला वाचता येत असेलच असे नाही. फ्लीटसारख्या अभ्यासकांनी अनेक ताम्रपटांची वर्णने करताना दोन गोष्टी पुन्हा पुन्हा नोंदवल्या आहेत. एक, अक्षरांच्या आतल्या बाजूला हत्याराच्या खुणा दिसतात. दुसरी, पत्रा पातळ आणि कोरणे खोल असेल तर अक्षरे मागच्या अंगाने उमटून दिसतात. अक्षरे झिजू नयेत म्हणून पत्र्याच्या कडा उचलून घेतलेल्या असतात. कुठे चूक झाली तर तेवढा भाग ठोकून सपाट करायचा आणि त्यावर पुन्हा कोरायचे, अशा दुरुस्त्याही सापडतात.

हे ठोकून सपाट करणे गमतीचे वाटेल, पण ताम्रपट म्हणजे आजच्या भाषेत जमिनीचा कागद. रट्टराजाने देवस्थानासाठी गावे दिली ती या पत्र्यावर. गावाच्या नावातली एक मात्रा चुकली, हद्दीतला एक ओढा गाळला गेला, तर पुढच्या पिढ्यांचे भांडण ठरलेले. सातबाऱ्यावरची एक चूक दुरुस्त करायला तलाठ्याकडे किती खेपा घालाव्या लागतात हे ज्याला माहीत आहे, त्याला त्या कोरणाऱ्याच्या मनगटावरचा भार कळेल.

आता हत्यार. धातूत किंवा प्लॅस्टिकमध्ये रेघ दोन प्रकारे पडते. टोकदार सुई किंवा चाकू ओढला तर माल निघत नाही, बाजूला सरकतो. खाच पडते, पण तिच्या दोन्ही काठांवर बांध उभे राहतात, शेतात नांगर फिरल्यावर राहतात तसे. दुसऱ्या प्रकारात हत्याराचे टोक रंध्याच्या पात्यासारखे काम करते, माल उचलून बाहेर काढते आणि मागे स्वच्छ चर राहतो. पहिल्या प्रकारात काठ घासून काढावे लागतात आणि घासताना रेघही उथळ होते. म्हणून छोटी विमाने करणारे अनुभवी लोक शेवटी दुसऱ्या प्रकाराच्या हत्याराकडे वळतात. जपानात टंगस्टन कार्बाइडची अशी छिन्नी मिळते, तिच्या टोकाची रुंदी 0.1 किंवा 0.15 मिलिमीटर असते. ती महाग असते, आणि हातातून पडली तर टोक उडते.

पण याच तत्त्वाचे हत्यार आपल्याकडच्या सुतारांच्या पिशवीत कधीपासून आहे. सनमायका कापायला ते हॅकसॉच्या तुटक्या पात्याचा तुकडा घेतात, घासदगडावर त्याला वाघनखासारखा आकडा काढतात आणि मुठीला चिंध्या किंवा चिकटपट्टी गुंडाळतात. पट्टीला लावून तो आपल्याकडे ओढला की सनमायकाचा धागा निघतो. त्या तरुणाला मी हेच दाखवले. टोक मात्र फार बारीक घासावे लागते, आणि घासताना ते सारखे पाण्यात बुडवायचे. साध्या पोलादाचे टोक तापून निळे पडले की त्याचे पाणी उतरले, मग ते दोन रेघांत बोथट होते. आणखी एक गोष्ट, जोर करायचा नाही. पहिली ओढ नुसती वाट दाखवण्यापुरती, मग त्याच वाटेने हलक्या हाताने आठ-दहा वेळा. पट्टी निसटू नये म्हणून जाड चिकटपट्टीचा काठ धरायचा.

आकाराचाही विचार हवा. एक बहात्तरांशच्या विमानावर 0.2 मिलिमीटर रुंद रेघ कोरली, तर खऱ्या विमानात तो सांधा जवळजवळ साडेचौदा मिलिमीटरचा झाला, म्हणजे त्यात करंगळी शिरेल. तेव्हा हत्याराचे टोक निवडणे म्हणजे किती खोटे बोलायचे ते ठरवणे. अजिबात न बोलून चालत नाही, कारण हिशेबाने काढलेली खरी रेघ डोळ्याला दिसणारच नाही.

एक प्रश्न मला पडला होता, की जुन्या प्लॅस्टिकच्या विमानांवर या रेघा खाचेऐवजी उंचवट्यासारख्या का असत? उत्तर साच्यात आहे. पोलादी साच्यात रेघ कोरणे सोपे, पण साच्यातली खाच प्लॅस्टिकवर उंचवटा होऊन येते. प्लॅस्टिकवर खाच हवी असेल तर साच्यात रेघ उंच ठेवून आजूबाजूचे सगळे पोलाद काढावे लागते. ते कष्टाचे काम यंत्रांनी सोपे केल्यावर, साधारण 1980 नंतर, खाचेच्या रेघा सर्रास दिसू लागल्या. जुनी विमाने जोडणारे मात्र अजूनही उंच रेघा घासून काढतात आणि त्यांच्या जागी नव्या कोरतात.

हे उलटसुलटाचे गणित आपल्या छपाईच्या इतिहासात जसेच्या तसे आहे. पुण्याला इंग्रजांचा वकील असलेल्या चार्ल्स मॅलेटच्या काळात, नाना फडणविसांच्या उत्तेजनाने, एका तांबट कारागिराला तांब्याच्या पत्र्यावर देवनागरी अक्षरे कोरून ठसे करायला शिकवले गेले. 1795 मध्ये सवाई माधवराव गेले, पुण्याची घडी विस्कटली आणि काम थांबले. तो कारागीर मिरजेला गंगाधरराव पटवर्धनांच्या आश्रयाला गेला आणि 1805 मध्ये तिथे गीता छापून निघाली. ताम्रपट कोरणाऱ्यापेक्षा याचे काम निराळे होते. ताम्रपट स्वतःच वाचायचा असतो, म्हणून अक्षर सुलटे. छापायच्या पत्र्यावर ते आरशातल्यासारखे उलटे कोरायचे. भांडी घडवणाऱ्या हाताला गीता उलटी कोरायची होती.

पुढे मुंबईत जावजी दादाजींनी 1864 मध्ये टाइप पाडण्याचा कारखाना काढला आणि 1869 मध्ये निर्णयसागर छापखाना सुरू केला. त्यांच्या सुबक टाइपांमागे राणोजी रावजी आरू यांचा हात होता. पोलादाच्या सळीच्या टोकावर अक्षर उलटे आणि उठावाचे ठेवून बाकीचे पोलाद कोरून काढायचे, तो ठसा तांब्यात ठोकायचा आणि त्या साच्यात शिसे ओतून टाइप पाडायचे. अक्षराच्या पोटातली बारीकशी पोकळी काढायला जे टोक लागते ते कारागिराला बहुधा स्वतःच घासून घ्यावे लागते, कारण 'ष'च्या पोटातली जागा आणि 'क'च्या पोटातली जागा एका हत्याराने निघत नाही. निर्णयसागरची संस्कृत पुस्तके देशभर गेली. वाचणाऱ्यांनी शब्द वाचले, अर्थ लावले, पाठभेदांवर वाद घातले. त्या पोकळ्यांकडे कोणी पाहिले असेल असे वाटत नाही.

म्हणून विकत की घरी, या प्रश्नाला माझे उत्तर असे. विकतचे हत्यार घ्यायला हरकत नाही, पण निदान एक तरी स्वतः घासून करावे. टोकाचा कोन थोडा बदलला की रेघ कशी बदलते हे दुकानदार सांगू शकत नाही. ते एकदा हाताला कळले की दुसऱ्याने हजार वर्षांपूर्वी कोरलेली रेघही वाचता येते. अक्षर कुठून सुरू झाले, हात कुठे थांबला, टोक कुठे बोथट झाले, हे दिसू लागते. टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही, ही म्हण आपण दगडाची बाजू घेऊन सांगतो. टाकी कोणी केली, तिला पाणी कोणी दिले, हे त्या म्हणीत नाही.

मला काळजी वाटते ती याची. राजांची नावे तांब्यावर राहिली, काही ताम्रपटांत कोरणाऱ्याचेही नाव येते. मिरजेच्या गीतेचा कारागीर मात्र बहुतेक ठिकाणी नुसता 'तांबट' म्हणून येतो. हत्यारांची तर नोंदच नाही. आमच्या भागातल्या सोनारांच्या घरांत आजोबांच्या वेळच्या कलमा अजून असतील, डब्यात तेलाच्या फडक्यात गुंडाळलेल्या. यंत्राचे दागिने आल्यापासून त्या डब्याला हात लागत नाही. घर आवरताना असा डबा भंगारवाल्याच्या तराजूत गेला की कोणती कलम कशासाठी घासली होती हे सांगणारे काही उरत नाही. अशा घरात जाणे-येणे असेल तर म्हाताऱ्या माणसाशेजारी बसावे, एकेक कलम हातात घेऊन विचारावे आणि वहीत लिहून घ्यावे. मी सुरुवात केली आहे. पहिल्या वहीची अकरा पाने भरली आहेत.