पक्षाघात आणि मेंदूच्या लहरी: यंत्राला काय विचारावं?

पक्षाघाताला आपल्याकडे ‘अंगावरून वारं गेलं’ म्हणतात, कुणी अर्धांगवायू म्हणतं, कुणी लकवा. चरकसंहितेत ‘पक्षवध’ हा शब्द आहे, सुश्रुतसंहितेत ‘पक्षाघात’. पक्ष म्हणजे बाजू. शरीराची एक बाजू पडते, हे त्या शब्दातच सांगितलं आहे. बाजूंची ही गोष्ट लक्षात ठेवूया, शेवटी ती पुन्हा लागणार आहे.

रत्नागिरीतून माणसाला गाडीत घालून आंबा घाटाने कोल्हापूरला नेण्याची धावपळ आपल्यापैकी अनेकांनी पाहिली असेल. पण खरा प्रश्न नंतर सुरू होतो. माणूस घरी येतो. बोलता येत नाही, हात उचलत नाही. दोन-तीन महिने जातात आणि घरचे विचारू लागतात, ‘आत काही सुधारतंय का, की आपण उगाच व्यायाम करून घेतोय?’ या प्रश्नाला मेंदूच्या लहरींचा आलेख, म्हणजे ईईजी, उत्तर देऊ शकतो का? इतिहास पाहिला तर उत्तराची मर्यादाही कळते.

१८७५ साली लिव्हरपूलच्या रिचर्ड केटनने ससे आणि माकडं यांच्या उघड्या मेंदूवर विजेचे सूक्ष्म प्रवाह नोंदवले. माणसाच्या मेंदूच्या लहरी पहिल्यांदा टिपल्या त्या जर्मनीतल्या येना इथल्या हान्स बर्गर या मनोविकारतज्ज्ञाने, १९२४ साली. म्हणजे ज्या वर्षी सावरकर स्थानबद्धतेसाठी रत्नागिरीत आले, त्याच वर्षी. बर्गरने निबंध छापला १९२९ मध्ये. गंमत अशी की त्याला शोधायची होती मानसिक ऊर्जा. तरुणपणी लष्करात असताना तो अपघातातून थोडक्यात वाचला. त्याच दिवशी दूर असलेल्या बहिणीला काळजी वाटली आणि वडिलांची तार आली. मन मनाशी कसं बोलतं, हे त्याला जाणून घ्यायचं होतं. ते सापडलं नाही. सापडली डोळे मिटल्यावर दिसणारी, सेकंदाला सुमारे १० वेळा हेलकावणारी अल्फा लहर.

१९३४ मध्ये केंब्रिजच्या एड्रियन आणि मॅथ्यूज यांनी बर्गरच्या निष्कर्षांना दुजोरा दिला. १९३६ मध्ये ग्रे वॉल्टरने दाखवलं की मेंदूतल्या गाठीच्या आसपास संथ लहरी उमटतात. त्यांना त्याने डेल्टा म्हटलं. सेकंदाला ४ पेक्षा कमी. पक्षाघातातही तेच घडतं. मेंदूचा रक्तपुरवठा साधारण निम्म्यावर आला की लहरी मंदावू लागतात. पेशी मरतात त्या पुरवठा याहूनही बराच घटल्यावर. म्हणजे मधल्या पट्ट्यात काही पेशी गप्प असतात, पण जिवंत असतात. सुधारणा होताना बाधित बाजूच्या डेल्टा लहरी ओसरतात, अल्फा परततात.

२००४ मध्ये नेदरलँड्समधल्या व्हान पुटेन आणि टावी यांनी पक्षाघाताच्या रुग्णांमध्ये उजव्या-डाव्या गोलार्धातल्या लहरींमधला फरक एका आकड्यात मांडला. दोन्ही बाजू अगदी सारख्या असल्या तर शून्य. तफावत वाढेल तसा आकडा १ कडे सरकतो. पाहिलंत? पक्ष पक्षाशी ताडून पाहायचा. रुग्णाची तुलना दुसऱ्या कुणाशी नाही, त्याच्याच चांगल्या बाजूशी.

मात्र आपण इथे जरा थांबायला हवं. धूर दिसला म्हणून अग्नी, हे न्यायशास्त्रातलं अनुमान आपल्याला ठाऊक आहे. पण हेतू साध्य नसतानाही आढळला, तर त्याला सव्यभिचार म्हणतात, तो हेत्वाभास. डेल्टा लहरी गाढ झोपेतही येतात, काही औषधांनीही येतात. उलट, खोलवरचा छोटा झटका असला तर आलेख जवळजवळ सामान्य दिसू शकतो. झटका गुठळीचा की रक्तस्रावाचा, हे तर ईईजी सांगतच नाही. त्याला मेंदूचा स्कॅनच लागतो.

याहून मोठी चूक आपल्याच राज्यात झाली. २००८ साली पुण्याच्या सत्र न्यायालयाने एका खुनाच्या खटल्यात, इतर पुराव्यांबरोबर, मेंदूच्या लहरींच्या चाचणीचाही आधार घेतला. आरोपीच्या डोक्यात गुन्ह्याची आठवण आहे, असं त्या लहरींवरून मानलं गेलं. पुढे ५ मे २०१० रोजी सर्वोच्च न्यायालयाने सेल्वी खटल्यात ठरवलं की अशा चाचण्या संमतीशिवाय करता येणार नाहीत.

बर्गरने या लहरींना विचारलं, ‘मन कुठे आहे?’ न्यायालयाने विचारलं, ‘हिला काय आठवतंय?’ दोन्ही प्रश्न त्यांच्या आवाक्याबाहेरचे. पक्षाघाताच्या रुग्णाजवळ आपण विचारतो, ‘ही बाजू गेल्या महिन्यापेक्षा जागी आहे का?’ प्रश्न लहान आहे, म्हणूनच उत्तर कामाचं आहे. तेही एका आलेखावरून नव्हे. माणूस जागा असताना, त्याच परिस्थितीत, पुन्हा पुन्हा काढलेल्या आलेखांवरून.

आणि आलेख सुधारला नाही, तर? तर माणूस आत नाही, असा निष्कर्ष काढण्याचा अधिकार आपल्याला मिळत नाही. वाचा गेलेला माणूस समज गेलेला असतोच असं नाही. त्याच्या खाटेशी बसून त्याच्याबद्दल तिसऱ्याशी बोलण्याआधी, त्याच्याशी बोलावं. ते काम कुठलंही यंत्र आपल्यासाठी करणार नाही.

इथे थांबूया.