लाडक्या कुत्र्याला कॅन्सर झालाय, पैसे कमी पडतायत. मदत कशी मागायची?

"आमच्या सिंबाला कॅन्सर झालाय, प्लीज मदत करा." सोबत डोळे मिटून पडलेल्या कुत्र्याचा फोटो, खाली क्यूआर कोड. इन्स्टाग्रामवर किंवा सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर अशी पोस्ट तुम्हीही पाहिली असेल. काहींनी लगेच पैसे पाठवले असतील, काहींनी 'खरं असेल का?' म्हणत पुढे स्क्रोल केलं असेल.

उद्या अशी पोस्ट आपल्यालाच टाकायची वेळ आली तर?

माणसांसाठी आहे तशी सरकारी आरोग्य योजना पाळीव कुत्र्यांसाठी नाही. पेट इन्शुरन्स आता भारतात मिळतो, पण आधीपासून असलेला आजार त्यात धरला जात नाही. म्हणजे निदान झाल्यावर विमा काढून उपयोग नाही. मग उरतात स्वतःचा खिसा, उसनवारी आणि लोकांची मदत. लोकांकडे जायचं असेल, तर पैसे नेमके कशासाठी हवेत हे आधी स्वतःला माहीत हवं.

'कॅन्सर' म्हणजे नेमकं काय?

मादी कुत्र्यांमध्ये स्तनाच्या गाठी खूप आढळतात. त्यातल्या साधारण निम्म्याच कॅन्सरच्या असतात. त्यामुळे गाठ हाताला लागली म्हणून लगेच 'कॅन्सर' लिहून पोस्ट टाकू नका. सुईने पेशी काढून केलेली तपासणी किंवा बायोप्सी, छातीचा एक्स-रे, सोनोग्राफी आणि रक्ताच्या चाचण्या यांचा खर्च आधी करावा लागतो. पुढचं सगळं गणित त्या रिपोर्टवर अवलंबून असतं.

दोन टोकाची उदाहरणं घेऊ.

आपल्याकडे रस्त्यावरच्या कुत्र्यांमध्ये टीव्हीटी नावाचा कॅन्सर बराच दिसतो. तो समागमातून एका कुत्र्याकडून दुसऱ्याकडे पसरतो. जननेंद्रियावर फ्लॉवरच्या गड्ड्यासारखी, रक्त येणारी गाठ दिसली की माणूस घाबरतो. पण व्हिनक्रिस्टीन नावाचं इंजेक्शन आठवड्यातून एकदा, बहुधा चार ते सहा आठवडे दिलं की बहुतेक कुत्रे पूर्ण बरे होतात. हे औषध जुनं आहे आणि केमोच्या इतर औषधांच्या तुलनेत स्वस्तही. (मुळात ते सदाफुलीपासून मिळतं. पण म्हणून अंगणातली पानं वाटून कुत्र्याला घालू नका, ती विषारी असतात.)

दुसरं टोक म्हणजे लिम्फोमा. यात गळ्याखालच्या, गुडघ्यामागच्या गाठी फुगतात. उपचार न केल्यास कुत्र्याच्या हातात बहुतेकदा चार ते सहा आठवडेच असतात. नुसतं स्टेरॉइड दिलं तर एक-दोन महिने मिळतात. चार औषधांची 'चॉप' नावाची केमो दिली, तर बहुतेक कुत्र्यांच्या गाठी विरतात आणि साधारण वर्षभराचा चांगला काळ मिळू शकतो. काही प्रकारांत तो याहून कमी असतो. आजार पूर्ण बरा होणं मात्र दुर्मिळ आहे. या केमोसाठी पाच-सहा महिन्यांत पंधरा-सोळा वेळा दवाखान्यात जावं लागतं आणि प्रत्येक वेळी आधी रक्त तपासावं लागतं. केमोचा डोस शरीराच्या पृष्ठभागावरून ठरतो. १० किलोच्या कुत्र्याला जेवढं औषध लागतं, त्याच्या साधारण दुप्पट ३० किलोच्या लॅब्रेडॉरला लागतं. त्यामुळे मित्राच्या कुत्र्याचं बिल ऐकून आपला अंदाज बांधू नका.

इथे एक गोष्ट अनेकांना कुणी सांगत नाही. बायोप्सीआधीच स्टेरॉइड सुरू केलं, तर लिम्फोमाचं निदान अवघड होतं आणि पुढे केमोचा परिणामही कमी होऊ शकतो. तेव्हा 'तोवर ही गोळी देऊन बघू' असं कुणी म्हटलं, तर ती गोळी स्टेरॉइड आहे का, हे विचारा.

माणसांच्या केमोच्या आठवणीने अनेक जण आधीच नको म्हणतात. कुत्र्यांना केमो देताना कसंही करून आयुष्य वाढवण्यापेक्षा ते बरं जावं हा हेतू असतो, त्यामुळे डोस बेताचे असतात. उलट्या, जुलाब होऊ शकतात, पण केस सरसकट गळत नाहीत.

खर्च कमी होऊ शकतो का?

खासगी क्लिनिकमध्ये निर्णय घेण्याआधी सरकारी पशुवैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात दुसरं मत घ्या. मुंबईत परळला १८८६ मध्ये सुरू झालेलं महाविद्यालय आहे. नागपूर आणि सातारा जिल्ह्यातल्या शिरवळलाही अशी महाविद्यालयं आहेत. परळलाच बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालय आहे, ते एक धर्मादाय संस्था चालवते. २०२४ मध्ये महालक्ष्मीला टाटा ट्रस्ट्सचं मोठं रुग्णालय सुरू झालं. कुठेही गेलात तरी अंदाजपत्रक लेखी मागा आणि बिल हप्त्यांत भरता येईल का, हे मोकळेपणाने विचारा. विचारायला लाज कसली?

पोस्टमध्ये काय लिहायचं?

मदतीच्या आवाहनाचं चांगलं उदाहरण रतन टाटांचं आहे. जून २०२४ मध्ये त्यांनी सात महिन्यांच्या एका कुत्र्यासाठी इन्स्टाग्रामवर मुंबईकरांकडे मदत मागितली होती. त्यांना हवा होता रक्तदाता कुत्रा. आजार काय असावा, दाता कुत्रा किती वयाचा आणि किती वजनाचा हवा, लसीकरण झालेलं हवं का, हे सगळं त्यात स्पष्ट होतं. दाते मिळाल्यावर त्यांनी आभारही मानले. टाटांइतके फॉलोअर्स आपल्याकडे नसतात, पण तेवढी स्पष्टता कुणालाही जमेल.

समजा, असं लिहिलं (आकडे फक्त नमुन्याचे आहेत): "आमची राणी, वय ८, लॅब्रेडॉर. बायोप्सीत लिम्फोमा निघाला. पूर्ण बरी होणार नाही, पण केमोने काही चांगले महिने मिळतील असं डॉक्टर म्हणतात. अंदाजे खर्च १ लाख १० हजार, आम्ही ४० हजार भरलेत. पैसे थेट रुग्णालयाच्या खात्यात भरता येतील. रिपोर्ट आणि बिलं सोबत. पैसे उरले तर याच रुग्णालयातल्या भटक्या कुत्र्यांच्या उपचारांना देऊ."

'पूर्ण बरी होणार नाही' हे वाक्य लिहायला जड जातं. पण तेच लपवलं आणि तीन महिन्यांनी राणी गेली, तर पैसे देणाऱ्याला फसवल्यासारखं वाटतं. 'माणसांना खायला नाही आणि तुम्ही कुत्र्यावर उधळताय' अशा कमेंट्स तरीही येतील. त्यांना उत्तर देत बसू नका.

पैसे आणि भामटे

जमेल तिथे पैसे थेट रुग्णालयात जमा होऊ द्या. स्वतःच्या खात्यात घेणार असाल, तर नातेवाईक नसलेल्यांकडून वर्षभरात मिळालेली रक्कम ५० हजारांवर गेल्यास ती सगळी करपात्र उत्पन्नात धरली जाऊ शकते. सीएला विचारून ठेवा. देणाऱ्यालाही अशा मदतीवर ८०जी ची करसवलत मिळत नाही, ती फक्त नोंदणीकृत, मान्यताप्राप्त संस्थेला दिलेल्या देणगीवर असते. केटो, मिलाप यांसारख्या क्राउडफंडिंग साइटवर जाणार असाल, तर त्यांचं शुल्क आधी वाचा.

पोस्टवर नंबर टाकला की भामट्यांचे फोन येऊ शकतात. "दहा हजार पाठवतोय, हा कोड स्कॅन करून पिन टाका" असं कुणी म्हटलं, तर फोन ठेवून द्या. यूपीआयवर पैसे घ्यायला पिन लागत नाही.

तुम्ही पैसे देणारे असाल, तर आधी फोटो गुगल लेन्सवर टाकून बघा, चोरलेला असेल तर जुनी पोस्ट सापडू शकते. रुग्णालयाला फोन करा, पण पोस्टमधल्या नंबरवर नको, स्वतः शोधलेल्या नंबरवर.

उपचार थांबवायचं ठरलं तर

कधी पैसे जमतात आणि कुत्राच उपचारांना साथ देत नाही. त्याने खाणं सोडलं, वेदना औषधांनी आटोक्यात येत नसतील, त्याला उठून बाहेर जाता येत नसेल, तर डॉक्टर इंजेक्शनने शांतपणे मरण देण्याबद्दल बोलतात. लोकांनी पैसे दिलेत, आता थांबलो तर काय म्हणतील, या भीतीने केमो चालू ठेवणारे लोक असतात. देणाऱ्यांनी पैसे त्या जिवासाठी दिलेले असतात, केमोच्या सोळा फेऱ्या पूर्ण व्हाव्यात म्हणून नाही. अशा वेळी दोन ओळींची पोस्ट टाका, शेवटचं बिल आणि उरलेल्या रकमेची पावती जोडा, आणि क्यूआर कोड असलेली जुनी पोस्ट त्याच दिवशी काढून टाका. नाहीतर ती महिनोन्महिने ग्रुपवर फिरत राहते आणि पैसे येत राहतात.