न पिकवण्याचे भाडे

एक छायाचित्र तुमच्यापैकी काहींनी पाहिले असेल. धुळीचे वादळ सुटले आहे, बाप आणि मुलगा वाकून आडोशाकडे निघाले आहेत आणि मागे राहिलेल्या धाकट्याने डोळ्यांवर हात घेतला आहे. आर्थर रॉथस्टीन यांनी ते एप्रिल १९३६ मध्ये अमेरिकेतील ओक्लाहोमा राज्यात, सिमरॉन काउंटीत टिपले. काउंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा. सरकार शेतमालकाला जमीन राखण्याचे पैसे का देऊ लागले, हे मला कुणी विचारले तर मी आधी हे चित्र दाखवतो.

पहिल्या महायुद्धात गव्हाला भाव आला आणि तिथली पिढ्यान्‌पिढ्यांची गवताळ राने नांगरली गेली. १९३० नंतर पाऊस रुसला आणि उघडी माती उडू लागली. मे १९३४ मध्ये ती धूळ पार अटलांटिकच्या किनाऱ्यापर्यंत पोहोचली. ह्यू बेनेट हे मृदातज्ज्ञ कित्येक वर्षे हेच ओरडून सांगत होते. एप्रिल १९३५ मध्ये मृदसंधारणाचा कायदा झाला.

पण पैशांची गोष्ट थोडी वेगळी आहे. पेरा कमी करण्यासाठी पैसे देणारा १९३३ चा कायदा सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी १९३६ मध्ये रद्द ठरवला. दोन महिने उलटायच्या आत नवा कायदा आला. आता पैसे मातीचा कस खाणारे पीक सोडून गवत, द्विदल लावण्याबद्दल! माती वाचावी हा हेतू खराच होता. पण भाव सावरायचे जुने काम या नव्या नावाखाली चालू राहिले, असे मला वाटते. शिवाय दक्षिणेत कापसाचा पेरा घटला, पैसा मालकाला मिळाला आणि बटईने कसणारी अनेक कुटुंबे बेघर झाली.

१९५६ च्या ‘सॉइल बँक’ योजनेत तर अख्खी शेतेच्या शेते पड ठेवता येत. मालकाचे ठीक चालले. पण गावातल्या बियाणेवाल्याचे, अवजारे दुरुस्त करणाऱ्याचे, धान्याच्या कोठारवाल्याचे काय? शेतच नांगरले नाही तर त्यांच्याकडे जाणार कोण? गावे कुरकुरू लागली. पुढे १९७० च्या दशकात गव्हाचे भाव वाढले आणि पड जमिनी पुन्हा नांगराखाली आल्या.

माझ्या आजोबांना कुणी म्हटले असते, ‘शेत पड ठेवा, सरकार भाडे देईल,’ तर त्यांनी त्याला वेड्यातच काढले असते. आमच्याकडे ‘पडीक’ ही शिवीच होती.

१९८५ चा नवा कायदा मात्र जुन्या अनुभवाने शहाणा झालेला दिसतो. धुपणारी जमीन दहा ते पंधरा वर्षे गवताखाली किंवा झाडांखाली ठेवायची, सरकार दरवर्षी भाडे देणार, लागवडीचा निम्मा खर्चही उचलणार. एका व्यक्तीला वर्षाला ५० हजार डॉलरची मर्यादा. आणि एका काउंटीतली सर्वसाधारणपणे २५ टक्क्यांहून अधिक लागवडीची जमीन घ्यायची नाही. ही अट त्या बियाणेवाल्यासाठी होती. त्याला भाडे कुणी देत नव्हते. निदान गिऱ्हाईक तरी उरावे.

२००७ मध्ये ३ कोटी ६८ लाख एकर जमीन या योजनेत होती. त्यानंतर मक्याचे भाव चढले, करार संपत आले आणि लक्षावधी एकरांवरचे गवत पुन्हा नांगरले गेले.